जोडीतलं दुसरं क्रियापद

“स्टे शिकव. कीप शिकवायची काही गरज नाही,” बोरस्ते साहेब म्हणाले.

माझ्या हातात खडू होता. समोर हिरव्या जाळीच्या शेडखाली पॅकिंगच्या बायका उलट्या घातलेल्या क्रेटांवर बसल्या होत्या. डोक्याला जाळीच्या टोप्या, मांडीवर भाकरी, आणि नजर माझ्यावरून साहेबांवर, साहेबांवरून माझ्यावर.

“सर, ही जोडी आहे,” मी म्हटलं. “ब्रिंग आणि टेक. लेंड आणि बॉरो. लर्न आणि टीच. ज्या दोन क्रियापदांत माणसाचा हमखास घोटाळा होतो, ती जोडीनंच शिकवायची असतात. एकाच चपलेनं कुणी चालतं का?”

“यांना कुठं चालत जायचंय, रोहिणी? ऑडिटला चार वाक्यं बोलायची आहेत. त्यात कीप येत नाही.”

असं म्हणून ते निघून गेले. मी फळ्याकडे वळले आणि स्टेच्या शेजारी कीप लिहिलं. ठसठशीत. मला कुणी ‘हे नको’ म्हटलं की हात तिकडेच जातो. आई म्हणायची, या पोरीला खोडच आहे ती. असेल. खोड होती म्हणूनच तर बी.ए. झाले, नाहीतर अप्पांनी बारावीतच उजवून टाकलं असतं.

ही गोष्ट आता पंधरा वर्षांपूर्वीची. आमच्या गावापासून सायकलवर जाता येईल अशा अंतरावर द्राक्षांचं ते पॅकहाऊस होतं. हंगामात माल परदेशी जायचा. बागेतून आलेले घड बायका कात्रीनं साफ करायच्या, खराब मणी काढायच्या, वजन करून प्लास्टिकच्या डब्यांत भरायच्या. बायका बहुतेक पेठ-सुरगाण्याकडच्या. हंगामापुरत्या बिऱ्हाड घेऊन यायच्या आणि पॅकहाऊसच्या भिंतीपलीकडे पत्र्याच्या खोल्यांत राहायच्या.

परदेशातला खरेदीदार दरवर्षी ऑडिट करवायचा. कामगारांना नीट वागवता का, काही शिकवता का, हे बघायला माणूस यायचा. बोरस्ते साहेब तिथले मॅनेजर. त्यांच्या डोक्यातून कल्पना निघाली, की यंदा आपल्या बायका ऑडिटरशी थेट इंग्रजीत बोलतील. दुभाष्या नको, भानगड नको, वर कामगारांना शिकवल्याचे गुणही मिळतील. त्यासाठी त्यांनी मला आणलं. ते अप्पांच्या ओळखीतले. म्हणाले, ऑडिट पार पडलं की एक्स्पोर्टच्या ऑफिसात तुझी कायमची खुर्ची. घरी स्थळं बघणं चालूच होतं. अप्पांनी अट घातली होती, नोकरी कायम झाली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. तेव्हा त्या खुर्चीवर माझा जीव होता, हे उघडच सांगते.

शिकवणं मात्र मजेचं होतं. जेवणाच्या सुट्टीत वर्ग. वहीपेन्सिल कुणाकडे नव्हती, म्हणून मी क्रियापदं हातांत आणि पायांत घातली. मी “ब्रिंग द क्रेट” म्हटलं की माझ्याकडे क्रेट आणायचं, “टेक द क्रेट” म्हटलं की घेऊन जायचं. पहिल्या दिवशी एक बाई क्रेट घेऊन माझ्याभोवती गरागरा फिरत राहिली आणि बाकीच्या हसून हसून लोळल्या.

“अगं, आणू का नेऊ ते ठरव की!” यमुना ओरडली.

ही यमुना भोये. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. काळी, काटक, बोलायला फटकळ. कात्री अशी चालवायची की घडाला धक्का लागायचा नाही. तिला आठ महिन्यांची मुलगी होती, पारू. पारू दिवसभर पलीकडच्या खोलीत यमुनाच्या सासूजवळ असायची. जेवणाच्या सुट्टीत यमुना पळत जाऊन तिला पाजून यायची आणि पदर सावरत वर्गाला बसायची. “मॅडम, लर्न मी,” म्हणायची.

“लर्न नाही, टीच मी. शिकते ती तू. शिकवते ती मी.”

“मंग मॅडम रोज माज्याकडून आमच्या कोकणा बोलीतली गाणी शिकते, तवा कोन टीच?”

“तेव्हा तू.”

“हां! मंग आज तुमी लर्न,” असं म्हणून ती दात काढून हसायची.

ज्या दिवशी बोरस्ते साहेब कीप नको म्हणाले, त्या दिवशी मी स्टेसाठी आपला तळहात आपल्याच छातीवर ठेवायला शिकवलं. मी थांबते. माझ्या मनानं. आणि कीपसाठी? काय करावं ते मला सुचेना. मी म्हटलं, “दुसऱ्यानं थांबवून ठेवायचं. मर्जी त्याची, तुमची नाही.”

यमुना उठली, तिनं शेजारणीचं मनगट पकडलं आणि घट्ट आवळलं. “असं?”

“अस्संच!”

“हे काय अवघड नाय, मॅडम. पोरगं घरी रडत येतं, आपन म्हंतो, पडलास का रं? तर म्हंतं, मी नाय पडलो, मला पाडलं. एवढ्याशा पोराला कळतं.”

मग काय, सगळ्या शेडमध्ये एकमेकींची मनगटं धरायचा खेळ सुरू झाला. “स्टे!” म्हटलं की छातीवर हात. “कीप!” म्हटलं की शेजारणीचं मनगट. घंटा झाली तरी कुणी ऐकेना.

मला तोवर त्या पॅकहाऊसमधली एक गोष्ट ठाऊक नव्हती. मी रोज वर्ग आटोपून दुपारीच घरी जायचे. एकदा ऑडिटच्या वाक्यांचा सराव घ्यायचा म्हणून बोरस्ते साहेबांनी मला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. सहाला काम सुटतं, त्यानंतर सराव, असं ठरलं होतं. सहा वाजले. सुटलं काहीच नाही. वॉचमननं मोठ्या फाटकाला आतून साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली नेऊन साहेबांना दिली.

“हे काय?” मी यमुनाला विचारलं.

“रोजचंच. कंटेनर भरंपातुर उघडत नाय.”

तिनं मान वर केली नाही. कात्री चालत होती. थोड्या वेळानं कोल्ड स्टोरेजची मशीन बंद पडली, घरघर थांबली आणि भिंतीपलीकडून तान्ह्या पोराचं रडणं ऐकू आलं. टाहो फोडून रडत होतं. पारूच का, म्हणून मी यमुनाकडे पाहिलं. तिच्या पोलक्याचा पुढचा भाग दुधानं भिजून गेला होता. तिनं पदर पुढे ओढून घेतला आणि दुसरा घड उचलला. तिचे ओठ दाबलेले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोटं तशीच चालली होती.

मी तडक ऑफिसात गेले. “सर, फाटक उघडा. यमुनाची मुलगी भुकेनं रडतेय. पाजून परत येईल ती.”

बोरस्ते साहेब फोनवर होते. त्यांनी फोन खाली ठेवला. माणूस तसा राक्षस नव्हता, चेहऱ्यावर जागरण होतं त्यांच्या. “एकीला सोडलं की सगळ्या जातात. मागं एकदा सहाच्या ठोक्याला सगळ्या निघून गेल्या. अर्धा कंटेनर तसाच राहिला, बंदरावर जहाज चुकलं. मला मालकानं उभा सोलला. तेव्हापासून कुलूप. माल थांबत नाही, रोहिणी. बायकांना थांबावंच लागतं.”

“तान्हं पोर आहे हो ते.”

“वरचं दूध पाजायला सांग म्हातारीला. आणि हे बघ, ऑडिटला येणाऱ्या मॅडम विचारणार, सहानंतर काम करता का? तेव्हा वाक्य काय? ‘येस मॅडम, वी स्टे. वी आर हॅपी.’ पक्कं पाठ करून घे. यमुनालाच पुढं करू आपण. चुरूचुरू बोलते.”

त्या दिवशी कुलूप निघेस्तोवर बाहेर अंधार पडला होता. यमुना फाटकातून अशी धावत सुटली, की एक चप्पल मागेच राहिली. मी ती उचलून तिच्या खोलीपर्यंत नेली. पारू रडून रडून झोपली होती, तिला उठवून यमुना छातीशी लावत होती. सासू म्हणाली, “वरचं दूद तोंडातच घेत नाय. घेतलं तर ओकतं.”

मी चप्पल दारात ठेवली. “यमुनाबाई, ऑडिटला साहेब तुला पुढं करणार आहेत.”

“ठाव हाय. वी स्टे, वी हॅपी.” तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. “मॅडम, पाठ केलंय मी. तुमी म्हनाल तसं म्हनते. तुमची खुर्ची हाय ना त्यात?”

खुर्चीचं तिला कुणी सांगितलं देव जाणे. मी म्हटलं, “माझ्या खुर्चीचं मी बघीन. दोन्ही क्रियापदं तुला येतात. कुठलं वापरायचं ते तुझं तू ठरव.”

ती पारूच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

ऑडिटला आल्या त्या मिसेस थॉमस. केरळच्या, साठीकडे झुकलेल्या, सुती साडी, पायांत साधे बूट. मराठी ओ की ठो येत नव्हतं. पॅकहाऊस त्या दिवशी लग्नघरासारखं आवरलं होतं. दारात रांगोळी, बायकांच्या डोक्यांवर नव्या टोप्या, आणि फाटकाची साखळी कुठे गायब केली होती ती त्या वॉचमनलाच माहीत. मिसेस थॉमस टेबलामागून टेबल बघत निघाल्या. साहेब एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

साहेबांनी त्यांना बरोबर यमुनासमोर आणून उभं केलं. “मॅडम, शी स्पीक्स व्हेरी गुड इंग्लिश.”

मिसेस थॉमस हसल्या. नाव विचारलं, गाव विचारलं, मुलंबाळं विचारली. यमुनानं सगळं पटापट सांगितलं. “वन डॉटर. स्मॉल. पारू.” साहेबांची छाती फुगली. मग मॅडमनी तो प्रश्न विचारला. सहानंतर काम करता का?

यमुनानं कात्री टेबलावर ठेवली. हातमोजे काढले. एकदा भिंतीकडे बघितलं, ज्या भिंतीपलीकडे पारू होती.

“येस मॅडम,” ती म्हणाली. “बट नो स्टे. दे कीप. गेट लॉक. दे कीप अस.”

साहेब हसले. एक क्षणसुद्धा गेला नसेल, इतक्या लगेच हसले. “व्हर्ब्ज, मॅडम, व्हर्ब्ज! न्यू लर्नर्स. स्टे, कीप, ब्रिंग, टेक, ऑल मिक्स्ड. व्हेरी कॉमन मिस्टेक. शी मीन्स स्टे.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “धिस इज देअर टीचर. टेल हर, रोहिणी. एक्स्प्लेन द मिस्टेक.” मग आवाज खाली आणून मराठीत, हसत हसतच, “खुर्ची तुझीच आहे. विसरू नको.”

मिसेस थॉमसनी चष्मा कपाळावर ढकलला आणि मला विचारलं, “इज इट अ मिस्टेक?”

काय हुशारी बघा! बाईनं जिवावर उदार होऊन खरं सांगायचं, आणि ह्यांनी तिला व्याकरणाची चूक म्हणून खोडायचं. तेही माझ्या हातून, माझ्याच खडूनं! मला आईचा चेहरा दिसला, अप्पांचा दिसला, ऑफिसातली ती फिरती खुर्चीसुद्धा दिसली. आणि त्या सगळ्यांच्या पुढे यमुना दिसली, माझ्याकडे बघणारी. विनवणी नव्हती तिच्या नजरेत. वर्गात क्रेट कुठं ठेवू म्हणून विचारताना बघायची, तशीच बघत होती.

“नो, मॅडम,” मी म्हणाले. “धिस इज नॉट अ मिस्टेक. शी इज माय बेस्ट स्टुडंट.”

“रोहिणी!” साहेबांचं हसू गळून पडलं. “मॅडम, टीचर ऑल्सो इज न्यू. जस्ट आऊट ऑफ कॉलेज. शी हरसेल्फ डझन्ट नो...”

तेवढ्यात यमुना टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं माझं मनगट पकडलं. असं आवळलं, की कळ गेली पार खांद्यापर्यंत. धरलेला हात उंच करून तिनं ते मनगट मॅडमना दाखवलं. “कीप,” ती म्हणाली. मग मनगट सोडलं, आपला तळहात आपल्या छातीवर ठेवला, “स्टे,” म्हणाली आणि मान हलवली. नाही. हे नाही. पुन्हा माझं मनगट धरलं. हे.

शेजारच्या टेबलावरच्या बाईनं कात्री ठेवली आणि आपल्या शेजारणीचं मनगट धरलं. तिनं पुढचीचं. पुढचीनं त्यापुढचीचं. जिला धरायला कुणी नव्हतं ती दोन टेबलं ओलांडून धावत आली. मी सांगितलं नव्हतं, यमुनानंही सांगितलं नव्हतं. सगळ्या हॉलमध्ये एकही कात्री वाजत नव्हती. निळे हातमोजे आणि त्यांत आवळलेली मनगटं, एवढंच.

“हात चालवा! माल गरम होतोय!” साहेब ओरडले. कुणी हललं नाही. मशीनची घरघर तेवढी चालू होती.

मिसेस थॉमस सगळ्यांकडे सावकाश बघत एक फेरी मारून आल्या. कागद नाही काढला, पेन नाही काढलं. साहेबांना म्हणाल्या, “शो मी द लॉक.”

“मॅडम, लॉक इज फॉर सिक्युरिटी...”

“शो मी.”

वॉचमननं ते पंप-हाऊसच्या मागून आणलं. साखळीसकट. मिसेस थॉमसनी कुलूप हातात घेऊन त्याचं वजन बघितलं, आपल्याकडे बायका बाजारात कांदा हातात घेऊन बघतात तसं, आणि परत दिलं. मग एक खुर्ची मागवली, ती फाटकाशेजारी चिंचेखाली ठेवायला सांगितली. बसण्याआधी त्या बायकांकडे वळल्या. आपला तळहात आपल्या छातीवर ठेवला. “आय स्टे,” म्हणाल्या. “टिल सिक्स.”

हॉलमध्ये जो हशा उठला तो काय सांगू! यमुना तर टाळ्या पिटत होती. “बराबर, मॅडम! बराबर!”

सहा वाजले. बायका रांगेनं हातमोजे काढून निघाल्या. टेबलांवर माल होता, कंटेनर अर्धा होता, आणि फाटक सताड उघडं होतं. वॉचमननं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मिसेस थॉमसकडे बघितलं. त्या आपल्या खुर्चीवर बसून पदरानं वारा घेत होत्या. यमुना सगळ्यांत आधी बाहेर पडली. ह्या वेळी चप्पल हातात घेऊनच धावली.

पुढे त्या हंगामात फाटकाला कुलूप लागलं नाही. पुढच्या वर्षीपासून संध्याकाळची वेगळी पाळी आली, नव्या बायकांची. हे मला नंतर कळलं, कारण मी तिथे नव्हते.

ऑडिटरबाईंची गाडी गेली आणि साहेबांनी मला फाटकाशी गाठलं. ओरडले नाहीत. थकल्यासारखे बोलत होते. “उद्यापासून येऊ नकोस.”

“बरं.”

“अप्पा माझ्या ओळखीचे आहेत. तुझी बदनामी नको, माझीही नको. गावात सांग, लग्न ठरतंय म्हणून सोडली. मीही तेच सांगेन. तुझंही झाकलं, आमचंही झाकलं.”

“पण मी सोडत नाहीये, सर. तुम्ही काढताय.”

“एकच ते.”

“एकच?” माझा आवाज चढला तो चढलाच. “सकाळपासून तेच तर चाललंय! थांबवता तुम्ही आणि म्हणता बायका थांबतात. आता काढता तुम्ही आणि म्हणता मी सोडली. मी कुणालाही सांगणार नाही की सोडली. अप्पांना सांगेन काढली, पाहुण्यांना सांगेन काढली, आणि कुणी का म्हणून विचारलं तर तेही सांगेन. बैठकीत बसून सांगेन, चहाचे कप हातात देता देता सांगेन!”

“काय कीस पाडतेस शब्दांचा...”

“काय झालं, मॅडम?”

मागून यमुनाचा आवाज आला. ती परत आली होती. पारू तिच्या काखेत होती, पोट भरलेली, तोंडाला दुधाचा ओघळ, साहेबांच्या चकाकणाऱ्या घड्याळाकडे टक लावून बघणारी. यमुनाच्या मागे बाकीच्या बाया उभ्या होत्या, फाटकाच्या बाहेरच्या बाजूला. अजून उजेड होता. त्या वेळी त्यांना बाहेर उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

“काही नाही, यमुनाबाई. साहेब म्हणतात मी नोकरी सोडली असं सांगा. मी सोडली नाही, मला काढलंय. तुम्हाला कुणी विचारलं तर नीट सांगाल ना?”

“सांगू की,” यमुना म्हणाली. तिनं पारूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि साहेबांकडे सरळ बघितलं. “साहेब, आमाला ह्यातला फरक पहिल्यापास्नं कळतो. इंग्लिशमदी सांगता येत नव्हतं, येवढंच.”

बोरस्ते साहेबांनी खिशातून कुलपाची किल्ली काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत खिशात टाकली.